मायनिंग मशिन दर दुपारी बंद पडतं, बिलही आवरत नाही: मुंबईच्या घरात काय तपासायचं आणि कोणतं हार्डवेअर घ्यायचं

तक्रार साधारण अशी असते. मशिन, म्हणजे बिटकॉइन मिळवण्यासाठी चोवीस तास गणितं करणारं यंत्र, रात्री नीट चालतं. दुपारी एक-दोनच्या सुमारास हॅशरेट (गणितं करण्याचा वेग) उतरतो किंवा एमसीबी (करंट जास्त झाला की लाइन तोडणारा खटका) पडतो. वायरमन येतो, १६ अँपिअरचा एमसीबी काढून २०चा लावतो, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग पंखा बदलून बघितला जातो, थर्मल पेस्ट बदलली जाते, पूलसुद्धा (एकत्र मायनिंग करून मिळकत वाटून घेणारा गट) बदलला जातो. एवढ्यात महिन्याचं बिल येतं.

अशा तक्रारींत मशिन बिघडलेलं क्वचितच निघतं. ते त्या सॉकेटला, त्या खोलीला आणि बिलाच्या त्या स्लॅबला झेपत नाही, एवढंच. घेताना सगळे टेराहॅश (हॅशरेटचं माप, सेकंदाला एक लाख कोटी गणितं) बघतात. घरात चालवायचं तर आधी दोन आकडे बघा: भिंतीतून एकूण किती वॉट ओढतं, आणि एका टेराहॅशला किती ज्यूल खातं (वॉट भागिले टेराहॅश). पहिला आकडा वायरिंगचा आणि उष्णतेचा निकाल लावतो, दुसरा बिलाचा.

आधी मोजा, मग हात लावा

सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये लावायचा वॉटमीटर घ्या, आणि तो १६ अँपिअरचाच घ्या. सहा अँपिअरच्या मीटरवर मोठं मशिन चालवलं तर पहिल्यांदा तोच वितळतो.

वॉटमीटर नसेल तर इमारतीच्या मीटर रूममध्ये जा. आपल्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी बारीक अक्षरात एका युनिटमागे किती ब्लिंक ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. फक्त मशिन चालू ठेवा. वीस ब्लिंकना किती सेकंद लागले ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर बघा आणि २२,५०० या आकड्याला त्या सेकंदांनी भागा. उत्तर वॉटमध्ये येतं. साडेबावीस सेकंद लागले तर १ किलोवॉट, सात सेकंद लागले तर ३,२०० वॉट. मीटरवर १६०० छापलं असेल तर २२,५००च्या जागी ४५,००० धरा.

मशिनच्या स्वतःच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या वॉटवर विसंबू नका. बऱ्याच मशिनवर तो आकडा बोर्डाला पोचणाऱ्या विजेचा असतो. एसएमपीएसमध्ये (मशिनला वीज पुरवणाऱ्या खोक्यात) जळालेली वीज त्यात धरलेली नसते, बिलात मात्र धरलेली असते.

मिळालेल्या वॉटला ०.७२ने गुणलं की तीस दिवसांची युनिट मिळतात, मशिन चोवीस तास चालतं असं धरून. १७ वॉटचं मशिन १२ युनिट, १४० वॉटचं १०१, ३,२५० वॉटचं २,३४०. हा शेवटचा आकडा पुन्हा एकदा वाचा. मुंबईतल्या साध्या टू बीएचकेचं सगळं घर याच्या आठव्या-दहाव्या हिश्श्यात चालतं.

एमसीबी पडतो, पण केव्हा?

स्विच टाकल्याबरोबर पडत असेल तर कारण वेगळं, अर्ध्या-पाऊण तासाने पडत असेल तर वेगळं. एमसीबीमध्ये दोन यंत्रणा असतात. एक चुंबकीय, ती शॉर्टला किंवा चालू होतानाच्या झटक्याला क्षणात पडते. दुसरी पट्टीची, पट्टी हळूहळू तापून वाकते आणि मग खटका सुटतो.

लगेच पडणारा बहुधा बी प्रकारचा एमसीबी असतो. दोन-तीन एसएमपीएस एकदम चालू झाले की त्यांचे कपॅसिटर भरताना क्षणभर मोठा करंट जातो. बी प्रकार आपल्या क्षमतेच्या तीन ते पाच पटींना सुटतो, सी प्रकार पाच ते दहा पटींना. सी प्रकार लावा किंवा मशिनं दहा-दहा सेकंदांच्या अंतराने चालू करा. वीज जाऊन आली की सगळी एकदमच उठतात, हे मात्र लक्षात असू द्या.

दुपारी उशिरा पडणारा एमसीबी हे खरं नेहमीचं दुखणं आहे, आणि त्याचं गणित बघण्यासारखं आहे. उदाहरणाला अँटमायनर एस१९ प्रो हे मोठं मशिन घ्या: ११० टेराहॅश, ३,२५० वॉट. २३० व्होल्टला तो १४.१ अँपिअर ओढतो. सोळाच्या एमसीबीत बसतो असं वाटतं. पण दुपारी इमारतीतले एसी चालू झाले की व्होल्टेज २१५पर्यंत उतरतं. बल्बचा करंट अशा वेळी कमी होतो, एसएमपीएसचा वाढतो, कारण त्याला तेवढेच वॉट हवे असतात: ३,२५० भागिले २१५, म्हणजे १५.१ अँपिअर. वर एमसीबीचा १६ हा आकडा ३० अंश तापमानासाठी ठरवलेला असतो. मे महिन्यात स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या बंद डीबीमध्ये (एमसीबींच्या डब्यात) ४५-५० अंश सहज होतात, तेव्हा त्याच एमसीबीची क्षमता चौदा-साडेचौदावर येते. रात्री व्होल्टेज वर, डीबी गार, म्हणून मशिन मुकाट चालतं. त्याच लाइनवर फ्रिज किंवा मायक्रोवेव्ह असला तर दुपारची वाट बघायचीही गरज नाही.

चोवीस तासांच्या भाराला सर्किटच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या वर जाऊ नये. १६ अँपिअरच्या सर्किटला याचा अर्थ २,९०० वॉट, सहा अँपिअरच्या पॉइंटला ११०० वॉट. एस१९ प्रो आणि त्याच्या पुढची पूर्ण ताकदीची मशिनं इथेच बाद होतात.

सोळाचा एमसीबी काढून वीस, पंचवीस किंवा बत्तीस लावणं हा उपाय नव्हे, उलट धोका. एमसीबी मशिनला वाचवायला नसतो, भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो. जुन्या इमारतींत पॉवर पॉइंटला अडीचऐवजी दीड चौरस मिलिमीटरची वायर निघते, कुठे कुठे अजून अ‍ॅल्युमिनियमही सापडतं. एमसीबी मोठा केला की प्लास्टरच्या आतली वायर तापते आणि कोणाला पत्ता लागत नाही. मोठं मशिन चालवायचंच असेल तर डीबीपासून स्वतंत्र लाइन काढा: ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची एफआर (सहज पेट न घेणारी) वायर, तिघीही (लाल, काळी, हिरवी), सी प्रकारचा २० अँपिअर एमसीबी, आणि एसीला लावतात तसा मेटलक्लॅड (धातूच्या खोक्यातला) सॉकेट. हे सगळं लोहार चाळीत (दक्षिण मुंबईतला विजेच्या सामानाचा बाजार) एका फेरीत मिळतं. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि त्याआधी बिलावर छापलेला मंजूर भार बघा. तिथे ३ किलोवॉट लिहिलेलं असताना एकटं मशिनच सव्वातीन ओढत असेल तर आधी भार वाढवण्याचा अर्ज, मग वायर.

सगळं ठीक असूनही एमसीबी पडतो? मेन बंद करून त्याचे स्क्रू बघायला सांगा. ढिल्या स्क्रूखाली वायरचं टोक तापतं, ती उष्णता एमसीबीच्या पट्टीत जाते आणि तो कमी करंटलाच सुटतो. वायरचं इन्सुलेशन टोकाशी तपकिरी झालेलं दिसलं की निदान पक्कं.

प्लग काळा पडतो

हेही ढिल्या जोडाचंच भावंड. सॉकेटच्या पितळी पत्त्या सैल झाल्या की पिन आणि पत्ती यांच्यामध्ये दशांश ओहमचा अडथळा तयार होतो. १४ अँपिअरचा वर्ग १९६, गुणिले ०.१, म्हणजे जवळजवळ २० वॉट. एका पिनच्या टोकाशी २० वॉट म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्न सॉकेटमध्ये खोचून ठेवल्यासारखं झालं, तेही दिवसरात्र. प्लग बदलून भागत नाही, कारण तापून नरम झालेली पत्ती नव्या पिनलाही सैलच धरते. दोन्ही एकत्र बदला. मशिन पूर्ण भारावर अर्धा तास चालल्यावर बंद करून पिनला बोट लावून बघा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. एक्स्टेन्शन बोर्ड हा विषय एक किलोवॉटच्या वर काढूच नये. कॉम्प्युटरच्या बारीक केबलसुद्धा नकोत, १.५ चौरस मिलिमीटरच्या घ्या. एस१९ला दोन केबल लागतात, त्या दोन्ही एकाच मल्टिप्लगमध्ये खुपसल्या तर दोन दिल्याचा उपयोग काय?

पाऊस सुरू झाला की आरसीसीबी पडतो

प्रत्येक एसएमपीएसमध्ये लाइन आणि बॉडी यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून थोडा करंट अर्थिंगला कायम झिरपतो. एकाचा मिलिअँपिअरभर असेल तर काही बिघडत नाही. पण ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थिंगला करंट गळला की लाइन तोडणारा खटका) १५ ते ३० यांमध्ये कुठेही सुटू शकतो, आणि त्याच आरसीसीबीवर गीझर, वॉशिंग मशिन, वॉटर प्युरिफायरही असतात. जुलैत दमट धूळ बोर्डावर चिखलासारखी बसते, तिच्यातून आणखी गळती होते, आणि भांडं भरतं. मायनिंगच्या लाइनला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी द्या. आरसीसीबी बायपास करून देतो म्हणणाऱ्या वायरमनला चहा पाजून परत पाठवा.

मशिनच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. तेच कपॅसिटर मग बॉडीला अर्ध्या व्होल्टेजवर, ११५च्या आसपास, लटकवून ठेवतात. मल्टिमीटरने फेज आणि अर्थ मोजा, २३०च्या जवळ हवं. न्यूट्रल आणि अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. तिसरी पिन मोडून टू-पिन अडॅप्टरवर चालवणं हे चाळीत काय किंवा टॉवरमध्ये काय, सारखंच घातक.

हॅशरेट दुपारी उतरतो

कारण बहुधा उष्णता. मशिनमध्ये गेलेला प्रत्येक वॉट शेवटी उष्णता होऊन खोलीत येतो, त्यात सूट नाही. ३,५०० वॉटचं मशिन म्हणजे खोलीत साडेतीन किलोवॉटचा हीटर. एक टनाचा एसी साधारण तेवढीच उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे एका मशिनपायी एक अख्खा एसी, आणि त्याचं एक किलोवॉटच्या आसपासचं बिल वेगळं. एसी लावून मायनिंग करायचं असेल तर मशिनच्या ज्यूलच्या आकड्यात सरळ ३० टक्के वाढवून हिशेब करा.

एसीशिवाय किती हवा लागेल, याचा सोपा ठोकताळा: वॉटची तिप्पट करा आणि खोलीत बाहेरच्यापेक्षा जितके अंश जास्त चालतील त्याने भागा. उत्तर तासाला घनमीटरमध्ये. १४० वॉटला, १० अंशांचा फरक धरून, ४२ घनमीटर; खिडकीची फट आणि छताचा पंखा पुरे. ३,२५० वॉटला ९७५ घनमीटर. एक्झॉस्ट फॅनच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो, तो जाळी आणि पाइप जोडल्यावर निम्म्यावर येतो असं समजून चला.

जागा निवडताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. माळ्यावर ठेवलेलं मशिन घरातली सगळ्यात गरम हवा ओढतं. चपलांच्या कपाटात ठेवलेलं आपलीच सोडलेली हवा पुन्हा घेतं. ड्राय बाल्कनी हवेला उत्तम, पण पश्चिमेकडे उघडणारी असेल तर दुपारचं ऊन आणि जूननंतर पावसाचे सपकारे दोन्ही मशिनवर. वरळी, वर्सोवा अशा समुद्रालगतच्या भागांत खारी हवा बोर्डाच्या तांब्यावर हिरवी बुरशीसारखी पूड आणते. निदान सोपं आहे: मशिन ज्या बाजूने हवा ओढतं तिथे थर्मामीटर ठेवा आणि बाहेरचं तापमान वेगळं बघा. फरक पाच अंशांच्या वर गेला की हवा फिरून परत येते आहे. पंखा वाढवू नका, गरम हवेला वेगळी वाट द्या. मोठ्या मशिनला आत येणाऱ्या हवेची कमाल मर्यादा ४० अंशांची असते. मुंबईत बाहेर ३४ असताना ग्रिलच्या खिडकीत, पत्र्याखाली, ती सहज ओलांडली जाते.

आवाजाचंही इथेच सांगून टाकलेलं बरं. एस१९ वर्गातली मशिनं ७५ डेसिबलच्या घरात बोलतात. निवासी भागासाठी नियमातली रात्रीची मर्यादा ४५ आहे. सोसायटीच्या वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याआधीच निकाल लागतो.

बिल: सरासरी दर काढू नका

बेस्ट असो, अदानी, टाटा पॉवर की मुलुंड-भांडुपकडची महावितरण, घरगुती दराचे टप्पे तेच: १००पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. दर प्रत्येकाचे वेगळे. चूक अशी होते की एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून जो दर येतो तो मायनिंगला लावला जातो. फ्रिज, दिवे, पंखे तर चालणारच होते. खालचे टप्पे त्यांनी आधीच वापरलेत. मायनिंगचं युनिट कायम आपल्या घराच्या सर्वांत वरच्या, महागड्या टप्प्यात पडतं. घराची २८० युनिट होत असतील आणि १०१ युनिट खाणारं मशिन आणलं, तर फक्त २० युनिट दुसऱ्या टप्प्यात बसतात, ८१ तिसऱ्यात जातात. मे महिन्यात एसीमुळे घरच ४५० खात असेल तर त्याच मशिनची निम्मी युनिट पाचशेच्या वरच्या टप्प्यात जातात. मशिन तेच, वीज तेवढीच, खर्च वेगळा.

खरा दर असा काढा: आपल्या शेवटच्या टप्प्याचा वीज आकार, अधिक वहन आकार, अधिक इंधन समायोजन आकार, या बेरजेला १.१६ने गुणा, कारण घरगुती वापरावर १६ टक्के वीज शुल्क आहे. बेरीज १२ आली तर हातात पडणारा दर १३ रुपये ९२ पैसे. स्थिर आकार यात धरू नका, तो मशिन नसतानाही भरायचाच असतो.

आता दुसरी बाजू. एप्रिल २०२४च्या हाल्व्हिंगनंतर (मिळणारे नवे बिटकॉइन ठरल्याप्रमाणे निम्मे होणं) प्रत्येक ब्लॉकला (बिटकॉइनच्या व्यवहारांचा एक गठ्ठा) ३.१२५ बिटकॉइन मिळतात, दिवसाला सरासरी १४४ ब्लॉक, म्हणजे सगळ्या जगात मिळून ४५०. जगाचा एकूण हॅशरेट १ झेटाहॅश (शंभर कोटी टेराहॅश) धरला तर एका टेराहॅशच्या वाट्याला दिवसाला ४५ सातोशी (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) येतात. बिटकॉइन ८० लाख रुपये धरला तर ३ रुपये ६० पैसे. व्यवहार शुल्काची चिल्लर वर, पूलची कटौती खाली. दोन्ही आकडे रोज बदलतात. आपण बघाल त्या दिवशीचे घाला.

खर्च: ज्यूल प्रति टेराहॅशच्या आकड्याला ०.०२४ने गुणा, एका टेराहॅशला दिवसाची युनिट मिळतात. १५ ज्यूलच्या मशिनला ०.३६ युनिट. १४ रुपये दराने ५ रुपये ४ पैसे. मिळकत ३.६०, खर्च ५.०४. या दराला बरोबरी साधायची तर मशिन १०.७ ज्यूलचं हवं, आणि अँटमायनर एस२१ एक्सपीसुद्धा साडेतेरा ज्यूलवर आहे. त्यात भारतात २०२२पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर आहे, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा होत नाही हे सरकारने त्याच वर्षी लोकसभेत सांगितलं आहे.

म्हणून मुंबईच्या घरगुती विजेवर ‘कोणतं मशिन फायद्यात’ असं विचारून आजच्या भावाला हाती काही लागणार नाही. ‘महिन्याला किती रुपये छंदावर घालायचे’ हे आधी ठरवा. त्याला दराने भागलं की युनिट, युनिटांना ०.७२ने भागलं की वॉट. दोनशे रुपये म्हणजे २० वॉट. चौदाशे रुपये म्हणजे १४० वॉट. योगायोग असा की बाजारात नेमकी याच दोन मापांची घरगुती मशिनं आहेत.

मग घ्यायचं काय

बिटॅक्स गॅमा. एस२१ प्रोमधलीच बीएम१३७० चिप, एकच. टेराहॅशच्या आसपास हॅशरेट, १७-१८ वॉट. कार्यक्षमतेत मोठ्या मशिनच्या पंगतीला बसतं, आवाज टेबलावरच्या छोट्या पंख्याएवढा. एकट्याने ब्लॉक मिळण्याची शक्यता किती? वरचेच आकडे धरले तर साधारण १८ हजार वर्षांत एक. हे लॉटरीचं तिकीट आहे हे मान्य करूनच घ्यावं. शिकायला मात्र स्वस्त आहे.

याच्या तक्रारी दोनच प्रकारच्या. पहिली, घरातल्या जुन्या राउटरचा अडॅप्टर लावला जातो. पिन तीच, ५.५ बाय २.१, अगदी बरोबर बसते. फक्त तो १२ व्होल्टचा असतो आणि मशिनला ५ हवे असतात. बोर्ड जातो. अडॅप्टरवर स्केचपेनने मोठा ‘५’ लिहून ठेवा. दुसरी, अडॅप्टर ५ व्होल्टचाच पण २ अँपिअरचा. मशिनला साडेतीन लागतात. ५ व्होल्ट ६ अँपिअरचा घ्या, केबल आखूड ठेवा. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मशिनच्या पानावर इनपुट व्होल्टेज दिसतं, ते ४.८च्या खाली जात असेल तर दोष अडॅप्टरचा किंवा केबलचा. वायफाय सापडत नसेल तर राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं करा, ५ गिगाहर्ट्झ याला दिसतच नाही.

अ‍ॅव्हलॉन नॅनो ३एस: ६ टेराहॅश, १४० वॉट, म्हणजे २३ ज्यूल. कार्यक्षमता बिटॅक्सपेक्षा कमी, पण बंद खोक्यात येतं, जोडायला सोपं. आधीचं नॅनो ३ दिसायला सारखंच. तेवढ्याच वॉटला ४ टेराहॅश. स्वस्त मिळालं म्हणून घेऊ नका.

अँटमायनर एस९ फुकट मिळाला तरी नको. २०१६चं मशिन, साडेतेरा टेराहॅशला १,३५० वॉट, म्हणजे शंभर ज्यूल. वरच्या दराने एका टेराहॅशला दिवसाला ३३ रुपयांची वीज जाळून ३ रुपये ६० पैसे. ‘सुरुवातीला बरं’ म्हणून गळ्यात मारलं जातं.

एस१९ किंवा एस२१ फ्लॅटमध्ये नको, हे वर आलंच. कोणाकडे आधीच असेल तर ब्रेन्स ओएससारख्या फर्मवेअरने (मशिनच्या आतलं सॉफ्टवेअर) त्याची वीज बांधून, दीड-दोन किलोवॉटवर चालवता येतो. हॅशरेट उतरतो, पण ज्यूलही उतरतात आणि पंखे शांत होतात. हमी असेल तर ती जाते.

ग्राफिक कार्डांवर मायनिंग करण्याचे दिवस १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने (बिटकॉइनसारखंच दुसरं मोठं चलन) मायनिंग बंद केल्यावर सरले. लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार) वापरलेली कार्ड दिसली की मोह होतो. घेतलीत तर गेमिंगसाठी घ्या. जुन्या रिगचे (अनेक कार्डांचा मायनिंगचा सांगाडा) रायझर (कार्ड मुख्य बोर्डाला जोडणारा भाग) मात्र तपासा: सॅटा कनेक्टरची क्षमता ५४ वॉट, स्लॉटमधून कार्ड ७५पर्यंत ओढू शकतं. कनेक्टर वितळण्याचं कारण तेवढंच, आणि ते कार्डच्या माथी मारलं जातं.

घरात रायझन प्रोसेसरचा कॉम्प्युटर असेल तर मोनेरोचं (प्रोसेसरवर मायनिंग होणारं चलन) मायनिंग करून बघायला नवीन खर्च नाही. प्रत्येक थ्रेडला (प्रोसेसरवर एका वेळी चालणारं एक काम) २ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली मेमरी) लागतो, म्हणून ६४ एमबीच्या प्रोसेसरवर ३२ थ्रेड, त्याहून जास्त नको. ह्यूज पेजेस (मेमरी मोठ्या तुकड्यांत वापरण्याची विंडोज किंवा लिनक्समधली सोय) चालू नसतील तर हॅशरेट बराच कमी दिसतो. ‘माझा प्रोसेसर मंद आहे’ या बहुतेक तक्रारी तिथेच संपतात. ७९५०एक्स वर्गाला बायोसमध्ये ६५ वॉटचा इको मोड द्या. प्रोसेसर २३०ऐवजी ८८ वॉटच्या मर्यादेत राहतो, हॅशरेट त्या मानाने फार कमी उतरतो. कॉम्प्युटरचा एसएमपीएस ब्राँझऐवजी गोल्ड (कार्यक्षमतेच्या श्रेणी) असावा: निम्म्या भारावर ८५ आणि ९० टक्के असा फरक, ५०० वॉटच्या भाराला महिन्याची २३ युनिट. शंभर वॉटच्या कॉम्प्युटरला मात्र त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझर दोन्ही नकोत. दोन्ही स्वतः वीज खातात आणि मुंबईत त्यांची गरज पडत नाही.

आहे त्याच मशिनमधून वीज वाचवणं

चिपची वीज फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. म्हणून थोडं व्होल्टेज उतरवलं तरी फरक मोठा. बिटॅक्स गॅमा येताना ५२५ मेगाहर्ट्झ आणि ११५० मिलिव्होल्टवर असतं. ते ४९० आणि ११००वर आणलं तर हॅशरेट सात टक्के घटतो, चिपची वीज पंधरा टक्के. आधी फ्रीक्वेन्सी उतरवा, मग व्होल्टेज, आणि प्रत्येक पायरीवर तासभर थांबा.

व्होल्टेज फार उतरलं हे ओळखायचं कसं? या चिपचा हिशेबी हॅशरेट ठरलेला आहे: ५२५ला १.०७ टेराहॅश, ४९०ला १.००. तासाभराची सरासरी याच्या पाच टक्क्यांहून खाली राहिली की चिप गणितं चुकवते आहे. व्होल्टेज एक पायरी वर न्या. पाच मिनिटांचा आकडा बघून निर्णय घेऊ नका, तो नशिबाने वरखाली होतो. चिप ७५ अंशांवर गेली की मशिन स्वतःला थांबवतं. मे महिन्यात ६५च्या आत राहील असं ठेवा. आणि व्होल्टेज रेग्युलेटरचं तापमान वेगळं दाखवतात तेही बघा. ओव्हरक्लॉक केलेल्या (ठरल्याहून जास्त वेगाने चालवलेल्या) मशिनमध्ये चिप गार आणि रेग्युलेटर भाजलेला, असं हमखास आढळतं.

पावसाळ्यात बंद मशिन जास्त बिघडतं

चालू मशिन आपल्याच उष्णतेने कोरडं राहतं. बंद पडल्यावर, विशेषतः एसीच्या खोलीत, गार बोर्डावर खिडकी उघडताच दव धरतं. गणपतीला दहा दिवस गावी जाताना मशिन बंद करणार असाल तर आधी मऊ ब्रशने धूळ काढा, कारण ओल धुळीतच मुरते. प्लग काढा, पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून तोंड बंद करा. परत आल्यावर पिशवी तशीच दोन-तीन तास खोलीत राहू द्या. मग साध्या टेबल फॅनसमोर तासभर ठेवा, एसी लावू नका, आणि पहिला अर्धा तास सर्वांत कमी फ्रीक्वेन्सीवर चालवा. आरसीसीबी तरीही पडला तर लगेच पुन्हा उचलू नका. आणखी दोन तास पंख्यासमोर ठेवून मगच प्लग लावा.